किडनीला सूज आणणाऱ्या आपल्याच पेशी

सकाळी नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरून बाहेर पडलं की गव्हांकुराचा, आवळ्याचा नाहीतर कारल्याचा रस विकणारं कुणी ना कुणी दिसतंच. ग्लासाबरोबर एक वाक्य फुकट मिळतं: ‘इम्युनिटी वाढते.’ करोनानंतर हा शब्द पार भाजीबाजारापर्यंत पोचला. रसाबद्दल माझी काही तक्रार नाही, त्या वाक्याबद्दल आहे. लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मी ज्या किडनीच्या बायोप्सी बघते, त्यातल्या कितीतरींची वाट प्रतिकारशक्तीनंच लावलेली असते. आणि ती कमी पडली म्हणून नव्हे.

मागे पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार मुलीचा रिपोर्ट न्यायला आले होते. मुलगी विशीतली. सकाळी उठलं की डोळ्यांभोवती सूज, बोटांचे सांधे दुखरे, बागेत उन्हात काम केलं की गालांवर लाली. आधी रक्त कमी आहे म्हणून गोळ्या झाल्या, मग संधिवात म्हणून झाल्या. शेवटी कुणाला तरी लघवी तपासायचं सुचलं. रिपोर्टात प्रोटीन ‘थ्री प्लस’, म्हणजे खूपच जास्त, तांबड्या पेशी भरपूर आणि खाली एक ओळ: ‘आरबीसी कास्ट आढळले.’ वडील म्हणाले, ‘मॅडम, पोरीची इम्युनिटी कमी पडली का? वाढवायचं काहीतरी द्या की लिहून.’ लॅबच्या काउंटरवर उभ्याउभ्या नीट सांगता येईल असं ते उत्तर नव्हतं.

त्या कास्टवर जरा थांबते, कारण रिपोर्टातली सगळ्यात बोलकी ओळ तीच होती. लघवीत रक्त मुतखड्यानं येतं, मूत्राशयाच्या जंतुसंसर्गानंही येतं. पण तांबड्या पेशी किडनीच्या बारीक नळीत प्रोटीनबरोबर गच्च बसून नळीच्याच आकाराच्या कांड्या होऊन बाहेर पडतात, तेव्हा रक्त कुठे गळलं याबद्दल फारशी शंका उरत नाही. ते थेट गाळणीतून आलेलं असतं.

एका किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे बारीक घटक, असतात, माणसागणिक हा आकडा बराच कमीजास्त होतो. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, तो ग्लोमेरुलस. हीच गाळणी. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो आणि दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातलं दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं, बाकीचं शरीर परत शोषून घेतं. अंगातला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, सगळा मिळून जेमतेम तीन लिटर, म्हणजे तोच प्लाझ्मा दिवसातून साठेक वेळा गाळून निघतो. गाळणीला तीन थर आहेत. आतल्या बाजूला भोकंभोकं असलेल्या पेशींचं अस्तर. मध्ये कोलॅजनचा पडदा, जाडी मिलिमीटरच्या तीन हजाराव्या भागाएवढी. बाहेरून पोडोसाइट नावाच्या, एकमेकींत बोटं गुंतवून बसलेल्या पेशी. या पोडोसाइट जवळजवळ पुन्हा तयार होत नाहीत, गेली ती गेलीच.

ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना पुढचं पटकन कळेल. विहिरीत गाळ आला की तो आधी फिल्टरवर दिसतो, कारण सगळं पाणी दाबानं तिथूनच जातं. फिल्टरचा त्यात काही दोष नसतो. किडनीच्या या आजारांतही भांडणाचं मूळ पुष्कळदा दुसरीकडेच असतं, रक्तात किंवा लसिकाग्रंथीत. किडनीत ते दिसतं, कारण तिथल्या केशवाहिन्यांतला दाब शरीरातल्या इतर केशवाहिन्यांपेक्षा खूप जास्त असतो आणि रक्तात फिरणारं सगळं तिथून पुन्हापुन्हा जातं. फक्त ठिबकचा फिल्टर काढून धुता येतो, हा नाही.

आता पेशी. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द एकवचनी आहे, त्यानं मोठा घोळ होतो. एखादी टाकी असावी आणि तिची पातळी वरखाली होत असावी, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ती डझनभर जातींच्या पेशींची बिरादरी आहे आणि त्यांतल्या काही जाती इतरांना आवरण्याचंच काम करतात. न्यूट्रोफिल संख्येनं सगळ्यात जास्त: झटपट येतात, जंतूंवर तिखट रसायनं ओततात आणि मरतात. भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, मेलेलं गिळतात, साफसफाई करतात, चट्टाही बांधतात. बी पेशी पुढे प्लाझ्मा पेशी होऊन अँटीबॉडी बनवतात. टी पेशींत मदतनीस आहेत, मारेकरी आहेत, आणि नियामकही आहेत.

टी पेशींचं शिक्षण छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत होतं. ज्या पेशी स्वतःच्याच शरीराला जोरात चिकटतात त्यांना तिथे मरण येतं. पण ही चाळणी शंभर टक्के नाही, काही पेशी निसटतात. निरोगी माणसाच्या रक्तातही अशा निसटलेल्या पेशी सापडतात. त्यांना नियामक टी पेशी गप्प बसवतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागचा ‘फॉक्सपी३’ हा जीन शोधला आणि तिघांना मिळून २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. स्वतःविरुद्धच्या पेशी अंगात असणं हा काही आजार नव्हे. त्यांचा आवर सुटणं हा आजार.

पिंपळगावच्या मुलीला ल्युपस होता, पूर्ण नाव सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस. या आजाराचे दहातले नऊ रुग्ण बायका असतात, त्याही बहुतेक तरुण. ल्युपस किडनीत उतरला की त्याला ल्युपस नेफ्रायटिस म्हणतात. सुरुवात कचऱ्यापासून होते. शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि भक्षक पेशी त्या गुपचूप उचलतात. ल्युपसमध्ये ही उचल नीट होत नाही. मेलेल्या पेशींच्या केंद्रकातला डीएनए उघड्यावर पडून राहतो. कडक उन्हातली अतिनील किरणं त्वचेच्या पेशी मारून या ढिगात भर घालतात. उन्हातून आलं की आजार उसळतो तो यामुळे, आणि बागेत राबणाऱ्या मुलीला पूर्ण बाह्या, टोपी आणि सनस्क्रीन सांगतात ते नटण्यासाठी नव्हे.

उघड्या डीएनएला एखादी निसटलेली बी पेशी ओळखते. एकटीनं तिला फारसं काही करता येत नाही, तिला मदतनीस टी पेशीचा होकार लागतो. लसिकाग्रंथीत तो मिळाला की बी पेशी वाढते, आपली अँटीबॉडी अधिकाधिक टोकदार करत जाते आणि काही पेशींच्या प्लाझ्मा पेशी होतात. दुसरीकडे प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक नावाच्या पेशी डीएनए-अँटीबॉडीची ही जोडी आत ओढतात, विषाणू शिरला असं समजतात आणि इंटरफेरॉन, म्हणजे विषाणू आल्याची हाकाटी करणारी प्रथिनं, भरभरून सोडतात. इंटरफेरॉनमुळे बी पेशींना आणखी चेव येतो. चक्र सुरू झालं की थांबायचं नाव घेत नाही.

अँटीबॉडी आणि डीएनए यांच्या या गुठळ्या गाळणीत येऊन बसतात, काही तर तिथेच तयार होतात. त्यांच्यावर कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली प्रथिनं तुटून पडतात. एक प्रथिन दुसऱ्याला चेतवतं, दुसरं तिसऱ्याला, आणि त्यातून निघालेले तुकडे न्यूट्रोफिल व भक्षक पेशींना हाका मारतात. या झटापटीत कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं. म्हणून ल्युपसच्या रिपोर्टात सी३ आणि सी४ ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं कमी दिसतात. इथे ‘कमी’ पाहून लोकांना पुन्हा वाटतं की प्रतिकारशक्ती खालावली. बहुतेक वेळा ती दुसरीकडे उधळली जात असते.

मला या सगळ्यात सगळ्यात सुरस वाटते ती जागेची गोष्ट. गुठळी पडद्याच्या आतल्या बाजूला, रक्ताकडे, बसली तर वाहत्या रक्तातल्या पेशींना ती हाताशी सापडते. पेशी गोळा होतात, दाह होतो, लघवीत रक्त येतं, बीपी चढतं, किडनीनं बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात वाढतं. तीच गुठळी पडद्याच्या पलीकडे, पोडोसाइटच्या बाजूला, बसली तर मधला पडदा आड येतो आणि रक्तातल्या पेशी तिथवर पोचत नाहीत. नुकसान होतं ते पोडोसाइटचं, बोटांची गुंफण सुटते आणि प्रोटीन धो-धो वाहतं. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, पण गाळणीत आलेल्या पेशींची गर्दी स्लाइडवर दिसत नाही. ल्युपस नेफ्रायटिसचे सहा वर्ग पाडलेत. त्यांतल्या तिसऱ्या-चौथ्याचं आणि पाचव्याचं वागणं इतकं वेगळं का, याचं निम्मं उत्तर या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे आहे. मेंब्रेनस नेफ्रोपथी नावाच्या दुसऱ्या आजारातही हाच पलीकडचा प्रकार. त्यात अँटीबॉडी थेट पोडोसाइटवरच्या एका प्रथिनाला धरते. हे प्रथिन, पीएलए२आर, २००९ मध्ये सापडलं. आता साध्या रक्ततपासणीतही त्या अँटीबॉडीचा माग लागतो.

जागा कुठली हे बायोप्सीशिवाय कळत नाही. बायोप्सीचं नाव काढलं की नातेवाईक हबकतात, किडनी कापणार असं वाटतं. प्रत्यक्षात सोनोग्राफीवर बघत, तेवढ्या जागेपुरती भूल देऊन, पाठीतून सुई घालतात आणि दोन-तीन बारीक धागे काढतात. लघवीतून थोडं रक्त जाऊ शकतं, क्वचित जास्त रक्तस्राव होतो, म्हणून नंतर काही तास झोपवून ठेवतात. आमच्याकडे धागे एकाच बाटलीत टाकत नाहीत. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, साध्या मायक्रोस्कोपसाठी. दुसरा भाग फॉर्मॅलिनला न शिवता वेगळ्या द्रावात, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे साचलेल्या अँटीबॉडी चमकवून दाखवणाऱ्या तपासणीसाठी. तो चुकून फॉर्मॅलिनमध्ये पडला तर ती तपासणी नीट होणं अवघड. बाटल्या भरताना लेबल पुन्हा वाचायची सवय आम्हाला लावून घ्यावी लागते.

अंधाऱ्या खोलीत त्या दुसऱ्या तुकड्यावर हिरवी चमक दिसते आणि तिच्या आकारावरून गुन्हेगार ओळखू येतो. ल्युपसमध्ये चमक खडबडीत, दाणेदार, आणि आयजीजी, आयजीए, आयजीएम या अँटीबॉडी, सी३, सी१क्यू ही कॉम्प्लिमेंटची प्रथिनं, असं सगळंच उजळतं. पॅथॉलॉजिस्ट त्याला ‘फुल हाउस’ म्हणतात. पडद्याच्या कडेनं सलग, गुळगुळीत हिरवी रेघ दिसली तर काळजाचा ठोका चुकतो. ती अँटी-जीबीएम, म्हणजे गाळणीच्या पडद्याविरुद्धच्या अँटीबॉडीच्या आजाराची खूण. त्यात अँटीबॉडी पडद्यातल्या चौथ्या प्रकारच्या कोलॅजनवरच चालून जाते. तसंच कोलॅजन फुफ्फुसातही असल्यानं कधी खोकल्यातून रक्त येतं. अर्नेस्ट गुडपास्चर यांनी १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत असा एक रुग्ण नोंदवला, त्यावरून आजाराला त्यांचं नाव पडलं. हा आजार दुर्मिळ, पण चालढकल केली तर काही आठवड्यांत किडनी हातची जाते. आयजीए नेफ्रोपथी, म्हणजे गाळणीत आयजीए साचण्याचा आजार, मात्र अजिबात दुर्मिळ नाही. घसा दुखायला लागला की एक-दोन दिवसांत कोकाकोलासारखी लघवी, असा तिचा थाट. १९६८ मध्ये पॅरिसच्या झाँ बर्जे यांनी ती ओळखली, तीही याच चमकीमुळे.

आणि कधी चमक दिसतच नाही, पण साध्या स्लाइडवर गाळणी उद्ध्वस्त झालेली असते. हा बहुधा अँका व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा दाह. इथे अँटीबॉडी न्यूट्रोफिलच्या पोटातल्या एमपीओ किंवा पीआर३ या प्रथिनांविरुद्ध असते. न्यूट्रोफिल थोडा जरी चेतला तरी ही प्रथिनं त्याच्या पृष्ठभागावर येतात, अँटीबॉडी तिथे चिकटते आणि तो पुरता पिसाळतो. केशवाहिनीच्या भिंतीला चिकटून तिथेच सगळा माल ओततो. काही न्यूट्रोफिल तर मरतामरता आपल्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात. हे जाळं २००४ मध्ये पहिल्यांदा वर्णिलं गेलं, ते जंतूंना पकडण्याचं हत्यार म्हणून. भिंत फाटली की रक्तातलं फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, गाळणीभोवतीच्या पोकळीत सांडतं. तिथे भक्षक पेशी आणि पोकळीच्या अस्तराच्या पेशी गर्दी करून वाढतात आणि गुच्छाला एका बाजूनं दाबतात. स्लाइडवर ही गर्दी चंद्रकोरीच्या आकाराची दिसते, रिपोर्टात ‘क्रेसेंट’ असं लिहितात. निम्म्याहून जास्त गाळण्यांत क्रेसेंट असले तर मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट बघत नाही, आधी डॉक्टरांना फोन लावते.

अँटीबॉडीचं इतकं पुराण झाल्यावर टी पेशी मागे पडल्यासारख्या वाटतात. फ्लुरोसन्समध्ये त्या चमकत नाहीत, म्हणून कित्येक वर्षं त्यांच्याकडे दुर्लक्षच झालं. पण नळ्यांच्या आजूबाजूला बघितलं तर त्याच दाटीनं बसलेल्या असतात आणि नळ्यांभोवतीचा हा दाह जितका जास्त, तितकं किडनीचं पुढचं भवितव्य कठीण. त्यातल्या टीएच१७ नावाच्या मदतनीस पेशी आयएल-१७ नावाचं निरोप्या प्रथिन सोडून न्यूट्रोफिलांना बोलावतात. जर्मनीत हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २०१६ मध्ये उंदरांवर दाखवलं की किडनीत आलेल्या या पेशींपैकी काही थेट आतड्यातून निघालेल्या होत्या. दाह ओसरला तरी काही टी पेशी किडनीतच मुक्काम ठोकतात, पुढच्या वेळी लवकर उठायला. आतड्याचं नाव ऐकून कुणी दही, ताक नाहीतर अँटिबायोटिकनं नेफ्रायटिस बरा होईल असं समजू नये. उंदरापासून माणसापर्यंतचा रस्ता लांब आहे.

औषधांकडे या नजरेनं बघितलं की चिठ्ठी वाचता येते. स्टिरॉइड सगळ्यांनाच एकदम गप्प करतं, म्हणून लवकर गुण येतो आणि म्हणूनच साखर, हाडं, जंतुसंसर्ग असे त्रासही होतात. ते मनानं अचानक बंद करणं धोक्याचं, कारण तोवर शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं थांबवलेलं असतं. मायकोफिनोलेट जास्त हुशारीनं काम करतं. वाढताना पेशींना ग्वानिन, म्हणजे डीएनएचा एक घटक, लागतं. इतर पेशी जुनं परत वापरू शकतात, टी आणि बी पेशींना मात्र मुख्यतः नव्यानं बनवावं लागतं. हे औषध नेमका तोच कारखाना बंद करतं. आजार फार जोरात असला तर सायक्लोफॉस्फामाइड. ही दोन्ही गर्भाला घातक, तेव्हा लग्न ठरलंय किंवा मूल हवंय ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. सासरी कळेल म्हणून न सांगणाऱ्या मुली मी बघितल्यात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ल्युपसमध्ये जवळपास सगळ्यांना देतात, इंटरफेरॉनचं ते चक्र मंदावावं म्हणून. त्याच्यासाठी डोळे वेळच्या वेळी तपासायचे.

रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या सीडी२० या खुणेला धरून त्यांना संपवतं. पण अँटीबॉडीचा कारखाना असलेल्या प्लाझ्मा पेशींवर ही खूण नसते. त्यामुळे बी पेशी शून्यावर आल्या तरी अँटीबॉडी काही काळ रक्तात फिरत राहतात. अँटी-जीबीएममध्ये तेवढं थांबायला वेळ नसतो, म्हणून तिथे प्लाझ्मा बदलून अँटीबॉडीच उपसून काढतात. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये जॉर्ज शेट यांच्या गटानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून, बी पेशी मारायला शिकवून परत सोडल्या, यालाच सीएआर-टी म्हणतात. २०२१ मध्ये त्यांनी किडनीला ल्युपस झालेल्या एका तरुणीवरचा असा पहिला उपचार जाहीर केला, मग आणखी रुग्णांवर केला. बी पेशी काही महिन्यांनी परत आल्या, त्या आजाराच्या नव्हत्या, कोऱ्या होत्या, आणि रुग्ण औषधांविना राहिले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी घडवलेल्या अशाच पेशींच्या उपचाराला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण ती रक्ताच्या काही कॅन्सरसाठी. ल्युपससाठी कुणी आत्ताच ‘सीएआर-टी करून देतो’ म्हणालं तर कोणत्या चाचणीत, कुणाच्या परवानगीनं, हे विचारा.

पिंपळगावच्या वडिलांना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं की पोरीला वाढवायचं औषध नको, आवरायचं हवं आहे. काढे, भस्म, ‘बूस्टर’ काहीही चालू असेल तर ते किडनीच्या डॉक्टरांना दाखवा. छाटणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी तर अजिबात नको. आवरायची औषधं चालू असताना ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, आणि २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावरच्या गर्दीत जायचं असेल तर आधी विचारायचं.

वर्षभरानंतर डॉक्टर कधीकधी पुन्हा बायोप्सी सांगतात आणि घरचे चिडतात, ‘एकदा केली ना?’ अडचण अशी की लघवीतलं प्रोटीन दोन कारणांनी राहू शकतं. पेशी अजून तिथे भांडत असतात, किंवा पेशी निघून गेल्यात आणि मागे नुसता चट्टा उरलाय. लघवीच्या रिपोर्टावरून हे दोन प्रकार पुष्कळदा वेगळे करता येत नाहीत, स्लाइडवर करता येतात. पहिल्यात दाह आवरणारी औषधं वाढवावी लागतात. दुसऱ्यात त्या औषधांचा उपयोग नसतो, फक्त त्रास होतो. तिथे बीपीवर आणि प्रोटीनवर चालणाऱ्या गोळ्या, मीठ कमी आणि दर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, असं चालू राहतं.